‘व्हिल द पारी’: पकडलेली, मिरवलेली आणि बुडालेली युद्धनौका – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘व्हिल द पारी’ म्हणजे नेमके कोणते जहाज?

फ्रान्सच्या रोशफोर गोदीत बांधलेले, तोफांचे तीन मजले असलेले शिडाचे लढाऊ जहाज. १७५७ मध्ये त्याचा पठाण, म्हणजे तळाचा कणा बसवला तेव्हा त्याचे नाव ‘आँपेत्युओ’ ठरले होते. ब्रिटनविरुद्धच्या सप्तवार्षिक युद्धात फ्रेंच आरमाराची दैना झाली, तिजोरी रिकामी झाली आणि मंत्री श्वाझल यांनी शहरांकडे व प्रांतांकडे जहाजांसाठी वर्गणी मागितली. पॅरिस शहराने या जहाजाचा खर्च उचलला, म्हणून १७६२ मध्ये ते ‘व्हिल द पारी’, अर्थात ‘पॅरिस नगरी’ झाले. पाण्यात उतरले ते १७६४ मध्ये, युद्ध संपल्यावर.

१२ एप्रिल १७८२ रोजी ब्रिटिशांनी ते पकडले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते उत्तर अटलांटिकच्या वादळात बुडाले. ब्रिटिश आरमारात त्याचे आयुष्य जेमतेम पाच महिन्यांचे.

याच नावाची आणखी जहाजे आहेत का?

आहेत, आणि गोंधळ तिथेच होतो. ब्रिटिशांनी १७९५ मध्ये चॅटम येथे ११० तोफांचे नवे जहाज पाण्यात सोडले आणि बुडालेल्या जहाजाची आठवण म्हणून त्याला हेच नाव दिले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रेंचांनीही या नावाचे एक तीन मजली जहाज बांधले. एखाद्या चित्राखाली ‘व्हिल द पारी’ एवढेच लिहिलेले असेल तर आधी साल बघा. १७८२ नंतरचे चित्र असेल आणि जहाजावर ब्रिटिश बावटा असेल, तर ते बहुधा १७९५ चे जहाज असते.

तोफा किती? कुठे ९०, कुठे १०४, कुठे ११० असे आकडे दिसतात.

बांधणीच्या वेळी जहाज ९० तोफांचे होते आणि मागच्या उंच मजल्यावर तोफा नव्हत्या. १७७८ नंतर तिथे १४ लहान तोफा चढवल्या, म्हणजे १०४ झाल्या. ब्रिटिश कागदांत ११० किंवा त्याच्या आसपासचा आकडा येतो, कारण पकडलेले जहाज मोठे दिसण्यात पकडणाऱ्याचा फायदा असतो. १०४ हा आकडा धरून चालावे.

तोफांची संख्या मात्र अर्धीच गोष्ट सांगते. फ्रेंच तीन मजली जहाजाच्या सर्वांत खालच्या मजल्यावर ३६ पौंडी तोफा असत, पण हा पौंड फ्रेंच ‘लिव्र’ आहे. एक लिव्र सुमारे ४८९ ग्रॅमचा, इंग्रजी पौंड सुमारे ४५४ ग्रॅमचा. म्हणजे फ्रेंच ३६ पौंडी गोळा साडेसतरा किलोच्या वर जातो, आणि ब्रिटिशांच्या खालच्या मजल्यावरच्या ३२ पौंडी तोफेचा गोळा साडेचौदा किलोचा. दोन्ही आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना केली की चूक झालीच.

पकडले जाण्याआधी या जहाजाने काय केले?

१७६४ ते १७७८ बहुतेक काळ ते बंदरातच होते. १७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरला, तेव्हा ते फ्रान्सच्या पश्चिम टोकाजवळच्या उशांतच्या लढाईत होते. मार्च १७८१ मध्ये फ्रेंच ताफ्याचे प्रमुख कोंत द ग्रास यांचे निशाणाचे जहाज (ताफ्याचा प्रमुख ज्यावर असतो ते) म्हणून ते वेस्ट इंडीजकडे निघाले.

५ सप्टेंबर १७८१ ची चेसापीकची लढाई हा त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा दिवस. द ग्रास यांच्या २४ जहाजांनी १९ ब्रिटिश जहाजांना उपसागराच्या तोंडाशी रोखले. आत यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस अडकून पडले आणि १९ ऑक्टोबरला त्यांना शरण यावे लागले. त्या दिवशी ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख होते टॉमस ग्रेव्ह्ज. हे नाव लक्षात ठेवा. वर्षभराने हेच जहाज सुखरूप इंग्लंडला नेण्याची जबाबदारी त्यांच्यावरच आली.

ते पकडले कसे गेले?

फ्रेंच आणि स्पॅनिश मिळून जमैका घेणार होते. त्यासाठी द ग्रास मार्टिनिकहून निघाले आणि ब्रिटिश ॲडमिरल रॉडनी पाठलागावर आले. डोमिनिका आणि ग्वादलूप यांच्या मध्ये ‘ले सँत’ नावाची छोटी बेटे आहेत, तिथे गाठ पडली. ब्रिटिशांकडे ३६ मोठी जहाजे, फ्रेंचांकडे त्याहून थोडी कमी.

सुरुवात मात्र एका घरच्या अपघाताने झाली. आदल्या रात्री ‘झेले’ हे फ्रेंच जहाज खुद्द ‘व्हिल द पारी’वरच आदळले आणि ‘झेले’ची पुढची डोलकाठी व नाळेवरची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरची, तिरपी काठी गेली. एका फ्रिगेटने (हलक्या, वेगवान लढाऊ जहाजाने) त्याला ओढत ग्वादलूपकडे न्यायला सुरुवात केली. पहाटे रॉडनींनी त्या लंगड्या जहाजामागे काही जहाजे सोडली, त्याला वाचवायला द ग्रास ताफा घेऊन वाऱ्याच्या दिशेने खाली आले आणि जी लढाई टाळता आली असती ती गळ्यात पडली.

सकाळी आठच्या सुमारास दोन्ही रांगा उलट दिशांनी एकमेकींना समांतर जाऊ लागल्या. सव्वानऊच्या सुमारास वारा एकाएकी दक्षिणेकडे वळला. फ्रेंच जहाजांच्या तोंडावर वारा आला, शिडे फडफडली, रांग वाकडी झाली आणि तिच्यात फटी पडल्या. रॉडनींचे ‘फॉर्मिडेबल’ त्यातल्या एका फटीतून आरपार गेले, मागची जहाजेही घुसली. फटीतून जाताना दोन्ही बाजूंच्या तोफा शत्रूच्या नाळेवर आणि वरामावर, म्हणजे मागच्या टोकावर, चालतात. त्या दिशेला शत्रूची एखाददुसरीच तोफ असते आणि आपला गोळा मात्र जहाजाच्या लांबीभर धावतो.

दुपारनंतर ‘व्हिल द पारी’ एकटे पडत गेले. विल्यम कॉर्नवॉलिस यांचे ‘कॅनडा’ बराच वेळ त्याला चिकटून होते. जहाजावरची शिवून ठेवलेली तोफांची काडतुसे संपली, तेव्हा पिंपे वर आणून सुटी दारू पळीने मापून तोफांत भरली गेली. हा फार धोक्याचा आणि संथ उद्योग आहे: नळीत धुमसता कण राहिला असेल तर दारू भरणाऱ्याच्या हातातच पेटते. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, रॉडनींच्या हाताखालचे ॲडमिरल सॅम्युअल हूड यांचे ‘बार्फ्लर’ जवळ आल्यावर द ग्रास यांनी बावटा उतरवला. स्वतः त्यांना खरचटलेही नव्हते. वरच्या मजल्यावर तसे धड उभे राहिलेले मोजून दोन-चार लोक होते.

बावटा उतरवल्यानंतर पुढे काय होते?

बावटा उतरवणे म्हणजे शरणागती, मग गोळीबार थांबवायचा. पकडणारे जहाज होडीतून एक अधिकारी आणि थोडे खलाशी पाठवते. पहिले काम तोफांच्या दारूच्या कोठारावर पहारा बसवण्याचे. दुसरे रमचे पिंप कुलुपात घालण्याचे, कारण हरलेले खलाशी आणि जिंकलेले खलाशी दोघेही तिकडेच धावतात. मग कैद्यांची वाटणी: बरेचसे इतर जहाजांवर हलवायचे, बाकीचे खाली बंद करायचे. पाणी किती शिरते ते मोजायचे, पंप सुरू करायचे, भोके बुजवायची. आणि गरज असेल तर दोर बांधून ओढत न्यायचे.

यात चूक झाली तर काय होते ते त्याच रात्री दिसले. पकडलेल्या ‘सेझार’ जहाजावर आग लागली आणि ते स्फोटात उडाले. ४०० च्या आसपास फ्रेंच आणि ताबा घ्यायला गेलेले ५८ ब्रिटिश त्याच्याबरोबर गेले.

त्या दिवशी हाती लागलेली इतर जहाजे: ‘ग्लोरिओ’, ‘एक्तॉर’ (ब्रिटिशांचे ‘हेक्टर’) आणि ‘आर्दां’. आठवड्याभराने हूड यांनी मोना सामुद्रधुनीत ‘कातों’ आणि ‘जाझों’ पकडली. रॉडनींनी लगेच पाठलाग केला असता तर २० जहाजे मिळाली असती अशी हूड यांची तक्रार होती. हूड तक्रारीत कमी पडणारे गृहस्थ नव्हते, पण या बाबतीत त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

जहाज पकडल्याच्या बक्षिसाची रक्कम कशी वाटली जायची?

ब्रिटिश आरमारात १८०८ पर्यंत आठ भागांचा हिशेब होता. कप्तानाला ३ भाग, आणि तो ॲडमिरलच्या हाताखाली असेल तर त्यातला १ ॲडमिरलला. लेफ्टनंट, मास्टर (जहाज हाकण्याची जबाबदारी असलेला अधिकारी) आणि नौसैनिकांचा कप्तान यांना मिळून १. वॉरंट अधिकाऱ्यांना १, त्याखालच्या हुद्द्यांना १, आणि उरलेले सगळे खलाशी मिळून २. शिवाय लढाईच्या सुरुवातीला शत्रूच्या जहाजावर जितकी माणसे असतील त्या प्रत्येकामागे ५ पौंड.

जहाज आरमाराने विकत घ्यायचे तर त्याचे मूल्यमापन होई. ही पद्धत कळली की पकडलेले मोडके जहाज ‘दुरुस्त होण्याजोगे’ ठरवण्याकडे सगळ्यांचा कल का असे ते वेगळे सांगावे लागत नाही.

मग ते इंग्लंडला न्यायची एवढी घाई का?

तीन कारणे होती. एक, प्रतिष्ठा. शत्रूच्या सरसेनापतीचे निशाणाचे जहाज, तेही १०४ तोफांचे, पोर्ट्समथला नांगरलेले दिसायला हवे होते. दोन, वेस्ट इंडीजमध्ये ब्रिटिशांची कोरडी गोदी नव्हती. जमैकाच्या पोर्ट रॉयलला जहाज एका कुशीवर कलवून तळ साफ करायची सोय होती, पण तीन मजली जहाज कलवायचे तर आधी तोफा, नीरम (तळाचे वजन), पाणी, रसद सगळे उतरवावे लागते. पाण्याखालची खरी दुरुस्ती इंग्लंडलाच होणार. तीन, व्यापारी ताफा. साखर आणि रम घेऊन नव्वदहून जास्त जहाजे तयार उभी होती आणि त्यांना संरक्षण हवे होते.

तारखेमागे विम्याचे गणित होते. ऑगस्ट उजाडला की वेस्ट इंडीजहून निघणाऱ्या जहाजांच्या विम्याचा हप्ता दुपटीपर्यंत चढे, कारण तो वादळांचा हंगाम. म्हणून ताफे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने बाहेर काढले जात. हा ताफाही जुलै १७८२ च्या अखेरीस जमैकाच्या ब्लूफील्ड्सहून निघाला. विम्याच्या कागदावर तो वेळेत निघाला होता. पण शंभराच्या घरातला ताफा सर्वांत मंद जहाजाच्या चालीने चालतो आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तो वादळांच्या वाटेतच होता.

ताफ्यात कोणकोणती लढाऊ जहाजे होती?

रिअर ॲडमिरल ग्रेव्ह्ज यांचे निशाण ‘रॅमिलीझ’वर. सोबत ‘कॅनडा’, ‘सेंटॉर’, ‘पॅलस’ फ्रिगेट, आणि पकडलेली ‘व्हिल द पारी’, ‘ग्लोरिओ’, ‘हेक्टर’, ‘कातों’, ‘आर्दां’. यातले ‘आर्दां’ सुरुवातीलाच गळू लागले म्हणून परत पाठवले. ‘हेक्टर’ ऑगस्टमध्ये मागे पडले. ‘कातों’ही गळू लागले, ते ‘पॅलस’च्या सोबतीने हॅलिफॅक्सकडे वळवले. वादळाआधीच पकडलेल्या जहाजांची ही अवस्था होती.

पकडलेली जहाजे इतकी कमजोर का असतात? दुरुस्ती केली नव्हती का?

केली होती, पण कशी ते बघा.

गोळ्यांची भोके: लढाईत जहाज डुलत असते, त्यामुळे एरवी पाण्याखाली असणाऱ्या पट्ट्यातही गोळे लागतात. तिथे आतून लाकडी बुच ठोकतात, बाहेरून शिशाचा किंवा तेलकट कॅनव्हासचा तुकडा मारतात. शांत पाण्यात हे टिकते. मोठ्या लाटेत फळ्या एकमेकींवर सरकतात आणि बुच सैल होतात.

सांधे: तीन मजल्यांच्या तोफा दिवसभर डागल्या की मागे येणाऱ्या गाड्यांचा दणका जहाजाच्या बरगड्यांना बसतो, वर शत्रूचे गोळे. फळ्यांमधली काथ्या-डांबराची भरण निसटते. बंदरात जो सांधा कोरडा दिसतो तो समुद्रात गळतो, कारण तिथे सगळा सांगाडा पिळला जात असतो.

डोलकाठ्या: तडे गेलेल्या काठीला बाजूने लाकडाच्या लांब पट्ट्या लावून दोराने आवळतात, मोडलेल्या हाडाला खपच्या बांधाव्यात तशा. नव्या काठीएवढा जोर तिच्यात नसतो, आणि एक काठी पडली की तिचे ताणदोर शेजारच्या काठीला ओढतात.

माणसे: इथे सगळ्यात जास्त कात्री लागते. पहिल्या दर्जाच्या जहाजाला सुमारे ८५० माणसे लागतात. पकडलेल्या जहाजासाठी नवी भरती नसते. ताफ्यातून खरवडून माणसे काढायची, आणि कोणताही कप्तान आपले चांगले खलाशी देत नाही. ‘हेक्टर’वर सुमारे ३०० माणसे होती, त्यात आजारी धरून, आणि त्याच्या तोफाही कमी करून ५२ वर आणल्या होत्या. शिडे कमी करता येतात, तोफा बांधून ठेवता येतात, पण गळणाऱ्या जहाजाचा पंप चोवीस तास ओढायलाच लागतो. पाळी बदलायला माणसे नसली की दुसऱ्या दिवशी पंप मंदावतो, तिसऱ्या दिवशी माणूस पंपापाशीच झोपतो.

उंची: तीन मजली जहाजाचे वजन वर जास्त असते. वरच्या बाजू उंच भिंतीसारख्या, त्यामुळे शिडे गुंडाळली तरी वारा जहाजाला ढकलत राहतो.

तांब्याच्या पत्र्याचा काही संबंध होता का?

त्या काळी हा मोठा वाद होता. लाकूड पोखरणारे समुद्री किडे आणि शेवाळ यांपासून बचाव म्हणून ब्रिटिशांनी १७७९ पासून आपल्या जहाजांच्या तळाला झपाट्याने तांब्याचे पत्रे ठोकले. वेग वाढला. पण तळाच्या फळ्या धरणारे बोल्ट लोखंडाचे होते. खाऱ्या पाण्यात तांबे आणि लोखंड एकत्र आले की विद्युत-रासायनिक क्रियेने लोखंड खाल्ले जाते, आणि पत्र्याखाली ते दिसत नाही. १७८२ मध्ये एकापाठोपाठ मोठी जहाजे बुडाल्यावर संशयाची सुई इकडे वळली आणि पुढच्या काही वर्षांत तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट वापरात आले. मात्र ‘व्हिल द पारी’चे नाव या कारणाखाली सर्रास टाकले जाते ते घाईचे आहे. फ्रेंच बांधणीचे, नुकतेच लढाईत फुटलेले जहाज बुडायला बोल्ट खाल्ले जाण्याची वाट बघावी लागत नाही.

लाकूड-लोखंडाचे आणखी एक भांडण: ओकच्या लाकडातले टॅनिक आम्ल लोखंड गंजवते, सागाचे तेल ते जपते. मुंबईत वाडियांनी सागात बांधलेली जहाजे दीर्घायुषी ठरली त्यामागे हे एक कारण आहे. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे.

१६-१७ सप्टेंबरच्या रात्री काय झाले?

ताफा उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील न्यूफाउंडलंड बेटाजवळच्या उथळ समुद्राच्या दक्षिणेला, सुमारे ४२ अंश उत्तर अक्षांशावर होता. १६ तारखेला पूर्व-आग्नेयेकडून वारा वाढत गेला. ग्रेव्ह्ज यांनी ताफ्याला थांबण्याची खूण केली, म्हणजे थोडेच शीड ठेवून, वाऱ्याला बगल देऊन, जहाज जागच्या जागी थोपवायचे. इथवर सगळे रीतीप्रमाणे चालले होते.

१७ च्या पहाटे तीनच्या सुमारास वारा पडल्यासारखा झाला आणि क्षणात उत्तर-वायव्येकडून, जवळजवळ विरुद्ध दिशेने, दुप्पट जोराने आला. सँतच्या लढाईत फ्रेंचांची रांग फोडणारा वाराही असाच फिरला होता. हा त्याचा थोरला भाऊ.

शिडाच्या जहाजाला याहून वाईट काही नाही. डोलकाठीला मागून आणि बाजूंनी भरपूर ताणदोर असतात, कारण वारा मागून किंवा बाजूने येणार हे गृहीत असते. वारा समोरून शिडात भरला की सगळा भार पुढच्या मोजक्या दोरांवर येतो आणि काठ्या मागे कोसळतात. जहाज उलटे चालू लागते, सुकाणू आडवे फेकले जाऊन तुटते, मागच्या मोठ्या खिडक्या लाटा फोडतात आणि पाणी थेट कप्तानाच्या खोलीतून आत येते. तेवढ्यात जुन्या वाऱ्याच्या लाटा एकीकडून, नव्या दुसरीकडून.

वादळाचा रोख आधी ओळखता आला नसता का?

आजचा खलाशी ओळखेल. वारा आणि वायुभार कसे बदलतात यावरून चक्राच्या कोणत्या अर्ध्या भागात आपण आहोत हे कळते, आणि कोणती बाजू वाऱ्याला द्यायची ते ठरते. पण ही वादळे चक्राकार फिरतात हा नियम एकोणिसाव्या शतकात बसवला गेला. ‘सायक्लोन’ हा शब्दच कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये प्रचारात आणला. ग्रेव्ह्ज यांना आज दोष देणारे लोक त्यांच्या हातात साठ वर्षांनंतरचे पुस्तक देऊन परीक्षा घेतात. विम्याच्या तारखेसाठी अर्धवट दुरुस्त जहाजे बाहेर काढली, हा दोष मात्र त्या काळच्या मापानेही दोषच.

कोणत्या जहाजाचे काय झाले?

‘रॅमिलीझ’: डोलकाठ्या गेल्या, तोफा आणि नांगर समुद्रात टाकले. तळाला दोऱ्यांचे झुबके टाचलेले शीड खालून ओढून गळतीवर बसवायचा प्रयत्न झाला, पण तोही पुरला नाही. २१ सप्टेंबरला माणसे व्यापारी जहाजांवर हलवून ते पेटवून दिले.

‘ग्लोरिओ’: कप्तान टॉमस कॅडोगन यांच्यासह सगळे गेले.

‘हेक्टर’: वादळाआधीच दोन फ्रेंच फ्रिगेटांशी झुंज देऊन खिळखिळे झाले होते. वादळानंतर आठवड्यांमागून आठवडे पंप ओढत राहिले. ‘हॉक’ नावाच्या छोट्या व्यापारी जहाजाने सुमारे २०० जणांना उचलले, नंतर ते बुडाले.

‘सेंटॉर’: याच्याविषयी खाली.

‘कॅनडा’ इंग्लंडला पोहोचले.

बुडालेल्या पाच मोठ्या जहाजांपैकी ‘रॅमिलीझ’ तेवढे इंग्लंडमध्ये बांधलेले. ‘सेंटॉर’सुद्धा मूळचे फ्रेंचच, १७५९ मध्ये लागोसच्या लढाईत पकडलेले.

आणि ‘व्हिल द पारी’?

१७ च्या सकाळी ‘सेंटॉर’वरून ते दिसले होते आणि त्याला काही इजा झालेली दिसत नव्हती. ही गोष्ट महत्त्वाची आहे. म्हणजे पहिल्या तडाख्यात ते उलटले नाही. त्यानंतरच्या काळात ते बुडाले, बहुधा हळूहळू भरत. कप्तान जॉर्ज विल्किन्सन आणि जवळजवळ सगळे खलाशी गेले.

वाचला एकच. जॉन विल्सन नावाचा खलाशी अवशेषाच्या तुकड्यावर तरंगताना एका डॅनिश व्यापारी जहाजाला सापडला. ‘व्हिल द पारी’ बुडताना आपण त्या तुकड्यावर चढलो आणि ‘ग्लोरिओ’ आदल्या दिवशी बुडताना पाहिले, एवढेच तो सांगू शकला. दोन मोठ्या जहाजांच्या शेवटाचा हा एकमेव साक्षीदार, आणि तोही अर्धमेल्या अवस्थेतला. बुडण्याच्या क्षणाची रंगतदार वर्णने आणि चित्रे पुष्कळ आहेत. विल्सनच्या या दोन वाक्यांपलीकडचे सगळे चित्रकाराच्या पदरचे समजावे.

‘सेंटॉर’ची गोष्ट एवढी प्रसिद्ध का?

कारण तिथे सांगणारा वाचला. जहाज एका कुशीवर आडवे झाले, डोलकाठ्या तोडून ते उभे केले, पण सुकाणू गेले. तळघरातली पिंपे सुटली आणि जहाजाबरोबर इकडून तिकडे आदळत फुटली. साठवणीच्या पाण्याची पिंपेही त्यातच गेली, म्हणून तळघरात कमरेएवढे पाणी आणि प्यायला थेंब नाही अशी स्थिती आली. २३ सप्टेंबरला जहाज बुडत असताना कप्तान जॉन इंगलफील्ड आणि ११ जण एका होडीत उतरले.

होडीत पावाची एक पिशवी, एक हॅम, डुकराच्या मांसाचा एक तुकडा, पाण्याच्या दोन बाटल्या आणि थोडे फ्रेंच मद्य होते. एका बिस्किटाचे १२ तुकडे सकाळी, एकाचे रात्री. फुटलेल्या बाटलीची मान बुच लावून पेल्यासारखी वापरली. तेवढे पाणी एका माणसाला २४ तासांसाठी. घोंगड्यांचे शीड केले. पाऊस आला की कापड भिजवून पिळायचे. पहिल्या पिळणीचे पाणी खारटच असते, कारण कापड आधीच समुद्राने भिजलेले. १६ दिवसांनी ते अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांपैकी फायालला लागले. वाटेत एक जण गेला, ११ जगले. मागे जहाजावर राहिलेले शेकडो बुडाले. इंगलफील्ड यांच्यावर रीतीप्रमाणे कोर्ट मार्शल झाले आणि ते निर्दोष सुटले.

एकूण किती माणसे गेली?

व्यापारी जहाजे धरून सुमारे ३,५०० हा अंदाज सामान्यतः दिला जातो. सँतच्या लढाईत ब्रिटिशांचे २४३ ठार झाले होते.

द ग्रास यांचे पुढे काय झाले?

कैदी म्हणून जमैका, तिथून इंग्लंड, मग फ्रान्स. पराभवाचा दोष त्यांनी हाताखालच्या कप्तानांवर टाकला आणि १७८४ मध्ये लोरियाँला झालेल्या चौकशीत तो फारसा टिकला नाही. १७८८ मध्ये ते वारले. जहाजावर कैदी म्हणून राहिले असते तर त्याच्याबरोबर बुडाले असते. त्यांना आधीच पाठवले होते.

याचा भारताशी किंवा मराठ्यांशी काही संबंध?

ओढूनताणून जोडायची गरज नाही, युद्ध एकच होते. ज्या दिवशी ‘व्हिल द पारी’ने बावटा उतरवला त्याच दिवशी, १२ एप्रिल १७८२ ला, श्रीलंकेच्या किनाऱ्याजवळ प्रोव्हिडियन येथे फ्रेंच ॲडमिरल सुफ्रेन आणि ब्रिटिश ॲडमिरल ह्यूज लढत होते. पुढच्याच महिन्यात, १७ मे रोजी, सालबाईच्या तहाने पहिले इंग्रज-मराठा युद्ध मिटले. १७७७ मध्ये सें-ल्युबें हा फ्रेंच वकील पुण्यात आला होता आणि इंग्रजांच्या पोटात त्याने जो गोळा उठवला तो त्या युद्धाच्या कारणांपैकी एक.

यॉर्कटाउनला शरण गेलेले कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आले. टिपूविरुद्धच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्यांच्या बाजूने होते. ‘कॅनडा’चे कप्तान विल्यम हे त्यांचेच धाकटे भाऊ; तेही १७८९ पासून काही वर्षे हिंदी महासागरातल्या ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख होते.

पकडलेले जहाज पकडणाऱ्याला कसे महागात पडते याचे आपल्याकडचे उदाहरण विजयदुर्गचे. तुळाजी आंग्र्यांनी इंग्रजांचे ‘रिस्टोरेशन’ पकडून आपल्या ताफ्यात ठेवले होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी हल्ला केला, तेव्हा एक पेटता गोळा नेमका त्याच जहाजावर पडला आणि तिथून लागलेल्या आगीत शेजारी बांधलेली आंग्र्यांची गलबते-गुराबा जळून गेल्या.

मूळ कागद वाचायचे असतील तर काय सांभाळावे?

ब्रिटिश नोंदी लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत: कप्तानांची रोजनिशी ‘एडीएम ५१’, मास्टरांची ‘एडीएम ५२’ आणि हजेरीपट ‘एडीएम ३६’ या मालिकांत. बुडालेल्या जहाजाची शेवटची रोजनिशी त्याच्याबरोबरच गेली, म्हणून ‘कॅनडा’सारख्या वाचलेल्या जहाजांच्या नोंदी आधी पाहाव्यात.

तारखांचा घोळ हमखास होतो. त्या काळच्या रोजनिशीत दिवस दुपारी १२ ला सुरू होई, आणि तोही आदल्या दिवशीच्या. म्हणजे रोजनिशीत ‘१७ तारीख, दुपारनंतर’ असे असेल तर आपल्या कॅलेंडरवर ती १६ ची दुपार. ‘१७ तारीख, पहाट’ मात्र दोन्हीकडे १७ च. हे न पाहिल्याने वादळाची सुरुवात काही ठिकाणी एक दिवस पुढे गेलेली दिसते.

रेखांशही तपासून घ्या. फ्रेंच कागद पॅरिसपासून मोजतात, आणि पॅरिस ग्रीनिचच्या पूर्वेला २ अंश २० मिनिटांवर आहे. पश्चिम रेखांशाच्या फ्रेंच आकड्यातून तेवढे वजा केले की ग्रीनिचचा आकडा मिळतो. ४२ अंश अक्षांशावर हा फरक साधारण १९० किलोमीटर होतो.